पावलांसाठी दगड

वाराणसीत मणिकर्णिका घाटावरून पंचगंगा घाटाच्या दिशेने नदीकाठाने चालू लागले की सिंधिया घाट, संकठा घाट आणि गंगामहाल मागे टाकून आपण भोसले घाटावर येतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला. वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. नदीच्या अंगाला दगडी भिंत सरळसोट उभी आहे आणि खिडक्या आहेत त्या पार वर, माथ्याजवळ. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर. श्रावण-भाद्रपदात नदी त्या दिशेने चढू लागली की पायऱ्या दिसेनाशा होतात आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर काठाने जायची सोय उरत नाही. पाणी ओसरते तेव्हा पायरीपायरीवर गाळाचा जाड थर बसलेला असतो. पंप लावून, नदीचेच पाणी झोताने मारून तो धुवून काढतात. ही धुलाई दिवाळीच्या तोंडावर चालते, कारण पंधरा दिवसांनी देवदिवाळी येते आणि पंचगंगेवर अहिल्याबाई होळकरांचा हजारा दीपस्तंभ उजळायचा असतो.

नागपूरहून शेकडो कोस दूर, परक्या मुलखातल्या निसरड्या काठावर, कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठी भोसल्यांनी हे काम केले. नदीत उतरणाऱ्याला ‘सांभाळून उतर’ एवढे बजावूनही भागले असते. त्यांनी दगड आणला, पायऱ्या बसवल्या, आणि उतरणाऱ्याच्या पायाखालची काळजी बांधणाऱ्याने आपल्या अंगावर घेतली.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘शाळेची वाट’ ठरला तेव्हापासून हा घाट डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या मुलांना रोज सकाळी आपण काय देतो? डबा, पाण्याची बाटली आणि ‘रस्ता सांभाळून ओलांड’ हे वाक्य. पायाखाली मात्र काहीच देत नाही.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतले 32,825 जण पायी चालणारे होते. अठरा वर्षांखालची मुले 9,528. म्हणजे रोज 26. एका वर्गातली जवळजवळ निम्मी मुले, रोज. एवढी मुले एखाद्या तापाने गेली असती तर गावोगाव लसीकरणाची केंद्रे उघडली असती.

मूल रस्त्यावर चुकते, हे खरेच आहे. पण ते चुकणारच, हे स्वीडनच्या स्टिना सँडेल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकातच दाखवून दिले होते. लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही, आवाज कुठल्या बाजूने आला हे पटकन उमगत नाही आणि पलीकडे आई दिसली की बाकी सगळे जग त्याच्यापुरते मिटते. हे शिकवून दुरुस्त होण्याजोगे नाही, वयाने होते. म्हणून मुलाला रहदारीच्या मापात बसवू नका, रहदारी मुलाच्या मापात आणा, असे त्यांचे म्हणणे होते. सहा वर्षांच्या मुलाची उंची पावणेचार फुटांच्या आसपास. शाळेच्या फाटकाजवळ लावलेल्या मोठ्या गाडीच्या आडून ते चालकाला दिसत नाही आणि त्यालाही रस्ता दिसत नाही. दिसण्यासाठी त्याला दोन पावले रस्त्यात यावे लागते, आणि घात त्या दोन पावलांतच होतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे येते, 30च्या वेगाची सव्वाआठ. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा हा सेकंद आहे. फेब्रुवारी 2020 मधल्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने, जिथे पायी माणसे आणि वाहने एकत्र येतात तिथे 30ची मर्यादा मागितली, ती यासाठीच.

आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दुपारी, सकाळची शाळा सुटून दुपारची भरते त्या वेळी, फाटकासमोर उभे राहून पाहावे. रिक्षाकाका आणि व्हॅनवाले काका दोन रांगांत उभे. बोरे-चिंचांची गाडी, वडापावची टपरी. पालकांच्या स्कूटर थेट फाटकाला भिडलेल्या. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे वर्षभरात निम्मे पुसलेले, आणि जे उरले आहेत ते दुभाजकावर जाऊन आदळतात, कारण पट्टे मारणाऱ्याने दुभाजकाला तिथे वाट आहे की नाही हे बघितलेले नसते. मुले मग वीस पावले पुढे, दुभाजकाचे दगड निखळले आहेत तिथून शिरतात. पाठीवर दप्तर, हातात धाकट्या बहिणीचे बोट. अशा ठिकाणी शिपाईमामा लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन उभे राहतात, आरएसपीची, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची, मुले पांढरे पट्टे बांधून हात आडवे धरतात. त्यांचे मोल मोठे आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाने डंपरपुढे हात आडवा धरावा, ही व्यवस्था म्हणून मला मान्य नाही.

करायचे काय, हे मुंबईत भायखळ्याला करून झाले आहे. मिर्झा गालिब मार्गावर, म्हणजे जुन्या क्लेअर रोडवर, शाळांच्या दारात 2022 साली महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संस्था यांनी मिळून सुरक्षित शाळा परिसराचा प्रयोग केला. आधी नुसता रंग, शंकू आणि खांब. त्यांनी मुलांच्या उभे राहण्याची आणि चालण्याची जागा आखून घेतली, ओलांडण्याच्या जागा ठळक केल्या, पुढे शाळा आहे हे चालकाला लांबूनच कळेल असे रस्त्यावर रंगवले. आधी रंगाने आखून पाहायचे आणि जमले तर मग सिमेंट ओतायचे, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. चूक झाली तर पुसता येते आणि नगरसेवकापासून टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांना डोळ्यांनी बघता येते. पुणे महापालिकेने 2016 साली पादचारी धोरण मंजूर केले आणि 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला जाऊ लागला. लक्ष्मी रोडसाठी जमते ते शाळेच्या गल्लीत, शाळा भरताना-सुटताना अर्धा तास, का जमू नये?

शाळेच्या दारात करायच्या कामांत एक गोष्ट सर्वांत मोलाची आहे, ती म्हणजे उंचावलेले क्रॉसिंग. फुटपाथची कड 15 सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मानके सांगतात. तेवढे चढायलाही चाकाच्या खुर्चीला एकास बारा या प्रमाणात 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो. तो नीट कुणी बांधत नाही आणि बांधला तर त्याच्या तोंडाशी मोटारसायकल लागते. त्याऐवजी ओलांडण्याची पट्टीच फुटपाथच्या पातळीला उचलून घेतली तर माणसाला खाली उतरावे लागत नाही, गाडीला वर चढावे लागते. वेग आपोआप पडतो. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी, नातवाला सोडायला आलेली गुडघेदुखीची आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई, तिघी एकाच पट्टीवरून पलीकडे जातात.

ज्यांना दिसत नाही, त्यांचे काय? आपल्या फुटपाथांवर पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा आता ठिकठिकाणी दिसतात. त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 साली, डोळे अधू होत चाललेल्या मित्रासाठी, पदरचे पैसे घालून तयार केल्या, आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा गावी पहिल्यांदा बसवल्या त्या अंधशाळेजवळच्या क्रॉसिंगवर. जगभर गेलेली ही युक्ती शाळेच्या दारातच जन्मली. मुंबईत दादरची अंधशाळा 1900 पासून आहे, ताडदेवची 1902 पासून. काशीत दुर्गाकुंडाजवळ हनुमानप्रसाद पोद्दार अंध विद्यालय आहे. इतक्या जुन्या परंपरेच्या आपल्या शहरांत त्याच पिवळ्या फरशा विजेच्या डीपी बॉक्सवर किंवा झाडाच्या आळ्यात जाऊन संपतात. काठीने वाट शोधणाऱ्या मुलाला ती फरशी खोटे सांगते, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

कायदा यात आपल्या बाजूचा आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयाँ यांच्या पीठाने, चालण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ते अपंगांना वापरता आले पाहिजेत, हे निःसंदिग्धपणे सांगितले. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016चा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेले 198-अ कलम तर रस्ता सदोष बांधणाऱ्या यंत्रणेला आणि कंत्राटदाराला दंड सांगते. अपघातानंतर मुलाची चूक शोधण्याआधी, तिथे क्रॉसिंग का नव्हते असे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो वापरायला हवा.

भोसले घाटाच्या पायऱ्याही सगळ्यांसाठी नाहीत. त्या खड्या आहेत. ज्याला पायच साथ देत नाहीत त्याला गंगा वरूनच बघावी लागते. पण त्याच काठावर उत्तरेला आता नमो घाट झाला आहे आणि तिथे चाकाची खुर्ची नेता येईल असे उतार काढले आहेत. मागच्या पिढ्यांनी केले त्यात जे राहून गेले ते पुढच्यांनी भरून काढायचे असते. शाळेच्या दारात मात्र अजून पहिली पायरीच बसायची आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्टी लागलेली असेल. फाटकापुढचा रस्ता वर्षात एवढा मोकळा पुन्हा मे महिन्यातच मिळेल. म्हणून सुट्टीतच प्रभाग कार्यालयात किंवा नगरपरिषदेत शाळेच्या आणि पालकांच्या सह्यांचा एक अर्ज द्यावा, ही वाचकांना आग्रहाची विनंती. त्यात मागावे: फाटकासमोर उंचावलेले क्रॉसिंग, दुभाजकाला त्याच रेषेत चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट, क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर गाड्या लावण्यास बंदी, पिवळ्या फरशा फाटकापर्यंत सलग, आणि रिक्षा-व्हॅनसाठी थोडी लांब पण ठरलेली जागा. कायमचे बांधकाम लगेच होत नसेल तर रंग, शंकू आणि खांब लावून पंधरा दिवसांचा प्रयोग तरी करा, असे लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. आणि शाळा उघडेल त्या दिवशी आपली स्कूटर शंभर पावले अलीकडेच थांबवून पुढे मुलाबरोबर चालत जावे.