फिरावयास जातांना कानाला काय लावावें?

सकाळीं किंवा सायंकाळीं फिरावयास निघालेल्या मंडळींकडे पाहावें, तों पुष्कळांच्या कानांत हल्लीं कांहींना कांहीं घातलेलें दिसतें. कोणी नाट्यगीत ऐकतो, कोणी कीर्तन, कोणी बातम्या. ही चाल वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तीनचार किलोमीटरांचा तोच तो रस्ता एखाद्या चांगल्या गवयाच्या संगतींत केव्हां सरला हें कळतहि नाहीं, आणि त्या निमित्तानें व्यायामाचा नेम टिकतो, हा लाभ कांहीं लहान नव्हे. मात्र याकरितां हेडफोन विकत घेतांना बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो, तो हा कीं, “आवाज चांगला येतो ना?” आमच्या मतें हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा होय. पहिला प्रश्न असा कीं, तो कानाला लावल्यावर मागून येणारी मोटार ऐकूं येते कीं नाहीं? या कसोटीस लावून पाहिलें असतां चालण्यासाठीं स्वस्त वस्तूच पुष्कळदां महागापेक्षां बरी ठरते.

डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहींत. आणि तें योग्यच आहे, कारण पाठीमागचें जग आपणांस कानानेंच कळतें. हल्लीं विजेवर चालणारीं वाहनें वाढलीं आहेत, व तीं सावकाश जातांना जवळजवळ निःशब्द असतात. तेव्हां चालतांना कानाचें द्वार उघडें राहील असाच प्रकार निवडावा.

आतां प्रकार पाहूं. पहिला, कानाच्या छिद्रांत रबरी टोपी घट्ट बसणारा. आगगाडीच्या प्रवासांत हा उत्तम, चालतांना गैरसोयीचा. वाचकांनीं दोन्ही कानांत बोटें घालून चार पावलें चालून पाहावीं. प्रत्येक पाऊल डोक्यांत धपधप वाजतें. शरीराच्या हाडांतून आलेला नाद कान बंद असल्यामुळें बाहेर निसटूं शकत नाहीं, म्हणून असें होतें. तार सदऱ्यावर घासली तरी तिची खरखर अशीच कानांत शिरते. दुसरा प्रकार कानाच्या बाहेरच्या खळग्यांत नुसता टेकणारा, टोपी नसलेला. यांत खर्जाचा भराव कमी मिळतो. परंतु रस्ता ऐकूं येतो, आणि किंमतहि सर्वांत कमी. तिसरा, डोक्यावरून पातळ पट्टी व कानांवर स्पंजाच्या चकत्या असलेला. सन १९७९ मध्यें जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन निघाला, त्याबरोबर असाच हलका हेडफोन होता. आणि अमेरिकेंतील कॉस कंपनीचा १९८४ सालचा ‘पोर्टा प्रो’ अद्यापि विकला जातो, यावरून या साध्या रचनेची योग्यता ध्यानांत यावी. चौथा प्रकार कानशिलावर टेकून हाडाच्या द्वारें नाद पोंचविणारा. यांत कान पूर्ण मोकळा राहतो, पण किंमत अधिक पडते. शिवाय नाद अखेरीस त्याच अंतःकर्णांत जातो, म्हणून मोठ्या आवाजाचा अपाय यानें टळतो असें समजूं नये.

संपूर्ण कान झांकणाऱ्या गादीच्या वाट्या घामानें ओल्या होतात. त्या घरींच बऱ्या. बाहेरचा आवाज मारणारी जी विद्युत्-योजना असते, तिच्यासाठींहि फिरणाऱ्यानें जादा पैसे मोजूं नयेत, कारण जें ऐकणें अवश्य तेंच ती नाहींसें करते.

तार असावी कीं बिनतारी? तारेच्या हेडफोनास बॅटरी नाहीं. चारपांचशें रुपयांत तो कामापुरता चांगला मिळतो. मात्र पुष्कळ नव्या फोनांस त्याचें गोल छिद्र नसतें, हें आधीं पाहावें. उड्या मारण्याचा किंवा धांवण्याचा व्यायाम असेल तर बिनतारी सोयीचा. त्यांतहि मानेभोंवतीं पट्टा असलेला घ्यावा, कारण सुटा कर्णखंड एकदां गटारांत पडला कीं जोडी फुकट जाते. बिनतारीची बॅटरी कांहीं शें वेळां भरल्यावर क्षीण होत जाते, व स्वस्त वस्तूंत ती सहसा बदलतां येत नाहीं. सबब त्यावर फार पैसा घालण्यांत अर्थ नाहीं. वेष्टनावर ‘आयपीएक्स ४’ अशी खूण असल्यास सर्व बाजूंनीं उडणारें पाणी तो सोसतो, असा अर्थ. घामास एवढें पुरे. तथापि घाम खारट असल्यामुळें घरीं येतांच कोरड्या फडक्यानें पुसावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी एक नलिका असून तींत नाद ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या कीं मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, व मुलांसाठीं ७५ डेसिबल तितकेच तास, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलांनीं वाढला कीं वेळ निम्मा करावा लागतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज एक तास फिरणाराचे आठवड्यास ७ तास होतात. म्हणजे ८६ ला तो मर्यादेच्या आंत, ८९ ला बाहेर. कान बंद करणारा हेडफोन नसेल तर रहदारींत आवाज वाढविण्याचा मोह होतो, हें खरें. त्यावर उपाय शांत गल्लीचा, आवाजाचा नव्हे.

परीक्षा सोपी आहे. हेडफोन लावून, आवाज निम्म्यावर ठेवून, घरांतील कोणास हातभर अंतरावर मागें उभें राहून साध्या स्वरांत बोलावयास सांगावें. शब्द कळले नाहींत तर आवाज कमी करावा. तरीहि न कळले तर तो हेडफोन परत करावा.

एकत्र कुटुंबांत एकच हेडफोन चौघांच्या कानांत फिरतो, तें बंद करावें; मळ व कानाचे विकार त्यानें पसरतात. ज्याचा त्याचा निराळा असावा, व ओळखीस रंगीत दोरा बांधावा. पदपथ नसेल तेथें समोरून वाहनें येतील अशा, म्हणजे आपल्याकडे उजव्या, बाजूनें चालावें, व रस्ता ओलांडतांना गाणें थांबवावें. आणि आजोबा किंवा आजी दिवसेंदिवस आवाज वाढवीत असतील, तर त्यांच्यासाठीं अधिक किंमतीचा हेडफोन आणण्यापूर्वीं त्यांचे कान वैद्याकडून तपासून घ्यावे.