बदकांचे तिकीट

पत्राला लावून चालत नाही असे एक तिकीट अमेरिकेत १९३४ पासून दरसाल निघते. ज्या प्रौढाला पाणबदकांची शिकार करायची असेल, त्याने ते विकत घ्यावे, त्यावर सही करावी आणि मगच बंदूक उचलावी! पहिल्या तिकिटावरचे चित्र डार्लिंग या व्यंगचित्रकाराचे: पाण्यावर उतरणारी बदकांची जोडी. किंमत तेव्हा एक डॉलर होती, आता पंचवीस आहे. त्यातल्या दर डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट खर्ची पडतात ते मात्र बदकांच्या पाणथळ जागा राखण्यासाठी.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार, असे तुम्ही म्हणाल. पण खरी गोम निराळी आहे. १९३०नंतरच्या अवर्षणात तिथली तळी आटली; त्याआधीच शेतीसाठी कितीतरी दलदली कोरड्या करून टाकल्या होत्या. बंदुकीने मेलेल्या बदकाची उणीव पुढल्या विणीत भरून निघते; पण वीण व्हायला पाणीच उरले नाही, तर पिले यायची कुठून? पुढच्या हंगामावर डोळा असलेल्या शिकाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

शिवाय बदकाला सरहद्द ठाऊक नसते. जन्म कॅनडात, हिवाळा मेक्सिकोत. म्हणून १९८६ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्र योजना आखली; १९९४ साली मेक्सिको त्यांना येऊन मिळाला. १९८९ च्या अमेरिकन कायद्याने सरकारच्या डॉलरला इतरांनी निदान एक डॉलर जोडावा, असे ठरवले. आणि शेतकऱ्याला? नुसता उपदेश नव्हे. शेतातले डबके बुजवणार नाही असा कायमचा करार त्याने केला, तर रोख मोबदला; जमीन त्याचीच.

तिकडचे तलवार बदक आपल्याकडेही हिवाळी पाहुणे म्हणून येते. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तिथले पाणी बंधाऱ्याने अडवलेले, म्हणजे मुळात शेतीसाठीचे. एकाच पाण्यावर शेतकरी, मासेमारी करणारा आणि पाखरू, असे तिघांचे पोट. पैकी पाखराला तेवढे हक्क सांगता येत नाहीत.

आपण चक्रवाकाच्या विरहावर काव्ये रचली. त्याच्या पाण्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. पाखरांवर प्रेम सगळ्यांचेच असते. पण काठावरच्या माणसाला त्यासाठी झळ सोसावी लागत असेल, तर तिची भरपाई दुरून कौतुक करणाऱ्या आपणही करायला नको का?