मावळांतील रानफुलें
विलायतेंत वसंत आला कीं कुरणें फुलांनीं भरतात. आपल्या मावळांत मात्र वसंताचा मान झाडांचा आहे. फाल्गुनांत शिरगांवाहून लोहगडाकडे निघावें, तों निष्पर्ण सांवर, पळस व पांगारा लाल-केशरी फुललेले दिसतात. गवतांतील सोनकी व तेरडा पाहावयाचा असल्यास भाद्रपद-आश्विनच गांठला पाहिजे. कारवी तर ७-८ वर्षांनीं एकदांच फुलते आणि बीं धरून मरते. तिचा तुरा खुडणें म्हणजे पुढील पिढीच खुडणें होय. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे, कीं मुलांस डोंगरावर अवश्य न्यावें, फुलांचीं नांवें सांगावीं. परंतु वाळल्या गवतांत विस्तव टाकूं नये, आणि देवपूजेसाठींही रानफूल तोडूं नये. परसांतील जास्वंद देवास पुरेशी आहे.