कॅमेरा त्याचा, मेहनत त्याची, फोटो कुणाचा?

मोठ्या पॉप गायकाचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात रंगीत फोटो येतो. गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते. फोटो काढणाऱ्याचे नाव असलेच तर शोधावे लागते. हा माणूस तिथे कोणत्या अटींवर काम करतो, हा प्रश्न करमणुकीच्या पानावरचा नाही. तो श्रमाच्या हक्काचा प्रश्न आहे.

या कामाची रीत बहुतेक देशांत सारखीच आहे. रंगमंच आणि प्रेक्षकांना अडवणारा लोखंडी कठडा यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी असते. तिला पिट म्हणतात. छायाचित्रकारांना तिथे बहुधा पहिली तीन गाणीच उभे राहू देतात. फ्लॅशला बंदी असते. क्षणोक्षणी बदलणारे दिवे, कानठळ्या बसवणारे स्पीकर आणि शेजाऱ्याचे कोपर सोसत दहा-पंधरा मिनिटांत फोटो मिळवायचा. चौथ्या गाण्याआधी सुरक्षारक्षक बाहेर काढतात. मग कुठेतरी बसून, अंक छपाईला जाण्याआधी फोटो पाठवायचे. हे झाले कष्ट. अन्याय सुरू होतो तो दारावर सही करून घेतलेल्या कागदापासून.

जून 2015 मध्ये टेलर स्विफ्टने अ‍ॅपल कंपनीला जाहीर पत्र लिहिले. नव्या संगीतसेवेच्या पहिल्या तीन मोफत महिन्यांत कलावंतांना मोबदला मिळणार नव्हता. त्याला तिने विरोध केला. कंपनी तात्काळ नमली. तिची मागणी रास्तच होती. परंतु त्यावर जेसन शेल्डन या ब्रिटिश छायाचित्रकाराने तिलाच प्रश्न विचारला. तिच्या दौऱ्यांच्या करारानुसार छायाचित्रकाराने फोटो एकदाच वापरायचा आणि तिच्या कंपनीने मात्र प्रसिद्धीसाठी तो फुकट, कायमचा वापरायचा, हे कसे? कराराचा विपर्यास केला जात आहे, असे तिच्या प्रतिनिधीचे उत्तर होते. त्याच वर्षीच्या दौऱ्याच्या करारात तर अटभंग झाल्यास फोटो असलेली मेमरी कार्डे जप्त वा नष्ट करण्याची मुभा होती! डब्लिनच्या 'आयरिश टाइम्स'ने सही नाकारली आणि तिच्या कार्यक्रमाचे फोटोच छापले नाहीत. फू फायटर्स या बँडच्या अशाच करारावर 'वॉशिंग्टन सिटी पेपर'ने बहिष्कार घातला. क्यूबेकच्या 'ल सोलेय' या दैनिकाने तर छायाचित्रकाराऐवजी चित्रकार पाठवला. अखेर जुलै 2015 मध्ये छायाचित्रकारांच्या संघटनांशी बोलणी होऊन टेलर स्विफ्टचा करार बराच सौम्य झाला. एकट्याने सही नाकारली असती तर त्याच्या जागी दुसरा उभा राहिला असता. वृत्तपत्रे आणि संघटना उभ्या राहिल्या म्हणून कागद बदलला.

'सही करताना कुणी हात धरला होता काय?' असा सवाल कंत्राटाचे समर्थक करतात. याचे उत्तर बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये देऊन ठेवले आहे. ज्याच्यापुढे उपासमार उभी आहे त्याला काम आणि हक्क यांत निवड करायला सांगितली तर तो हक्क सोडतो. त्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. पिटच्या दारावरची सही याच जातीची आहे.

असे कार्यक्रम आता आपल्या दारात आले आहेत. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तेव्हा आपला कायदा काय सांगतो, हे कॅमेरा हाती घेतलेल्या आपल्या तरुणांनी जाणून घेतलेच पाहिजे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 म्हणते की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पगारी वृत्तछायाचित्रकाराच्या फोटोवर मालकाचा हक्क, पण तो प्रसिद्धीपुरता. आणि पैसे देऊन फोटो काढवून घेणाऱ्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर. नुसता प्रवेशाचा पास देणारा आयोजक यात कुठेच बसत नाही! कलम 19 नुसार हक्क लेखी आणि सहीनेच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यानंतरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा, मुदत विचारा, प्रत मागा.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. 14 एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमी, 6 डिसेंबरची चैत्यभूमी, भीमगीतांचे जलसे. वस्तीतली मुले रात्र-रात्र जागून हे टिपतात. त्यांचे फोटो बॅनरवर, दिनदर्शिकेवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठावर झळकतात. खाली नाव नसते, मोबदला तर दूरच. 'समाजकार्य आहे' म्हटले की विषय संपतो. परक्या गायकाच्या कंपनीने केले तर शोषण आणि आपल्या समितीने केले तर समाजकार्य, हा न्याय बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून या समाजाने 1978 ते 1994 लढा दिला, घरे जळताना पाहिली, माणसे गमावली. ज्या चळवळीने नावासाठी रक्त दिले, तिने आपल्याच लेकरांचे नाव फोटोखालून पुसू नये. प्रत्येक जयंती समितीने यंदा ठराव करावा : फोटो छापायचा तर नाव छापायचे, आणि फोटोतून पैसा मिळाला तर त्याचा वाटा कॅमेऱ्यामागच्या हाताला द्यायचा.