येशू, ईसा आणि मसीह

नाताळ जवळ आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “सर, येशू म्हणजे आपले ईसा (अ.) का?” होय म्हटले की लगेच दुसरा : “मग त्यांना ईसाई म्हणायचे की ख्रिस्ती?” हे घरीही विचारले जाते, म्हणून पालकांसाठी थोडे सविस्तर.

‘येशू’ हे हिब्रू ‘येशुआ’चे मराठी रूप. ‘ख्रिस्त’ मात्र नाव नसून पदवी आहे. ग्रीक ‘ख्रिस्तोस’चा अर्थ ‘अभिषेक झालेला’. हिब्रूत त्यालाच ‘माशीआह’ म्हणतात. कुरआनात हजरत ईसा (अ.) यांच्यासाठी आलेला ‘अल-मसीह’ त्याच कुळातला. म्हणजे मराठीतला ‘ख्रिस्ती’ आणि उर्दूतला ‘मसीही’ हे सख्खे भाऊच. उर्दू बोलणारे अनेक ख्रिस्ती स्वतःला ‘ईसाई’पेक्षा ‘मसीही’ म्हणवून घेणे पसंत करतात.

त्यांच्यातही सगळ्यांची बोली एक नाही. गोव्याच्या कोकणीत येशू ‘जेजू’ होतात. अमरावतीत १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे. तिथे धर्मगुरू ‘फादर’ आणि रविवारी ‘मिस्सा’. अकोल्यात अलायन्स मिशनच्या परंपरेतील प्रोटेस्टंट मंडळी जुनी. तिथे ‘पाळक’ आणि ‘उपासना’. बीबी मरयम मराठी बायबलात ‘मरीया’ होतात, यह्या (अ.) ‘योहान’, आणि इंजीलला ‘शुभवर्तमान’ म्हणतात.

नाव उच्चारल्याने अकीदा बदलत नाही. ख्रिस्ती येशूंना देवाचा पुत्र आणि प्रभू मानतात, आपण ईसा (अ.) यांना अल्लाहचे बंदे व रसूल मानतो. हा फरक मुलांना स्पष्ट सांगावा. मात्र फरक सांगणे वेगळे आणि नाव बिघडवणे वेगळे.

इंग्रजांच्या काळात आपल्याला कागदोपत्री ‘मोहमेडन’ लिहीत. आपण इबादत फक्त अल्लाहची करतो, म्हणून तो शब्द आपल्याला खटकतो. मग ‘किरिस्ताव’ ऐकून शेजाऱ्याला काय वाटत असेल? सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्याची मनाई आहे.

तेव्हा घरात ‘ईसा अलैहिस्सलाम’ म्हणायची सवय मुलांना जरूर लावा. वर्गमित्राबद्दल बोलताना ‘ख्रिस्ती’ म्हणा. आणि त्याला काय आवडते हे ठाऊक नसेल, तर त्यालाच विचारा. त्यात संकोच कसला?