‘आता आराम करा’ हे थांबवा

१ ऑक्टोबर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० साली ठराव केला आणि १९९१पासून हा दिवस जगभर ज्येष्ठ नागरिकांचा म्हणून पाळला जाऊ लागला. या दिवशी जागोजागी सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि सत्कारमूर्तींना खुर्चीवर बसवून ठेवले जाते. आम्हाला खटकते ती ही खुर्ची.

मुलगा-सून आयटीत, म्हणून पुण्या-नागपूरचे, सांगली-सोलापूरचे घर बंद करून बेंगळुरूला आलेले आईवडील व्हाइटफील्ड, सर्जापूर रोडच्या संकुलांत कितीतरी दिसतात. गावी असताना दूध आणणे, मंडई, बँकेत पासबुक भरणे, देवळात जाऊन येणे यांत बरीच पायपीट नकळत होऊन जाई. इथे दूध पहाटे दाराशी येते आणि भाजी मोबाइलवर मागवली की दहा-पंधरा मिनिटांत हजर. कन्नड येत नाही, रस्ते अनोळखी. त्यात घरचे मायेने म्हणतात, ‘बाबा, आयुष्यभर राबलात, आता आराम करा.’ मायेपोटी याहून घातक सल्ला क्वचितच दिला जात असेल.

याच बेंगळुरूत एप्रिल १९६२मध्ये अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या वारले, शंभरी ओलांडून. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पुण्यात महर्षी कर्वे गेले, १०४ वर्षांचे होऊन. दोघेही भारतरत्न. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवत होते, तेव्हा कर्वे फर्ग्युसन कॉलेजमधले गणिताचे तास संपवून हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमाची वाट चिखल तुडवत पायी चालत होते. नव्वदी उलटल्यावरही विश्वेश्वरय्या बिहारात मोकामा येथील गंगेवरच्या पुलाच्या जागेबाबत सल्ला देत होते. शंभरी गाठणे नशिबाचा भाग. सगळ्यांना ते साधत नाही, आणि चालणारा प्रत्येक जण दीर्घायुषी होतो असेही नाही. पण या दोघांनी प्रकृतीसाठी म्हणून वेगळा व्यायाम केला असो वा नसो, त्यांना उठवणारे काम शेवटपर्यंत समोर होते, हे महत्त्वाचे.

वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि ते वापरले नाहीत तर झपाट्याने झिजतात. मग तोल जातो, न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि अंथरूण धरलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा उभा राहणे अवघड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीपुढच्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच सूचनांत दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत, तिकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. लालबागेत फेरी मारून बाकावर गप्पा ठोकणाऱ्यांनी त्याच बाकावरून हात न टेकता दहा वेळा उठबस केली, तरी पायांना बळ मिळेल. गुडघेदुखी वा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, एवढेच.

पण लालबाग किंवा कब्बन पार्क घराजवळ असण्याचे भाग्य किती जणांचे? बाकीच्यांच्या वाट्याला उखडलेल्या फरश्या, मध्येच उभा ट्रान्सफॉर्मर आणि गर्दी झाली की पदपथावर चढणाऱ्या दुचाकी. सत्तरीच्या माणसाने अशा वाटेवर चालावे कसे? मोठ्या उड्डाणपुलांसाठी आणि बोगद्यांसाठी उत्साहाने बोलणाऱ्या शहराने पदपथाकडे आरोग्यसेवा म्हणून पाहायला हवे. पालिकांनी निदान बसथांबा, दवाखाना आणि उद्यान यांच्याकडे जाणारे पदपथ आधी सपाट करावेत.

आणि मुला-सुनांनो, उद्यापासून भाजीची ती मोबाइलवरची मागणी बंद करा. पिशवी बाबांच्या हाती द्या, हिशेब आईला ठेवू द्या, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला दोघांना पाठवा. उशीर झाला तर होऊ द्या.