फुकटच्या जहाजाचा हिशेब

वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही हल्ली अमरावतीच्या बिझीलँड-सिटीलँडमध्ये आणि अकोल्याच्या कापड बाजारात जहाजाच्या गोष्टी फार ऐकू येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सहली करू लागले. तेव्हापासून ही हौस आपल्या भागातही पोचली. बडनेरा किंवा अकोल्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई. त्यामुळे जाऊन आलेला एखादा व्यापारी भेटला की चार जण त्याला घेरतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

खोली बिनखिडकीची घ्यावी की गॅलरीची? जहाज हलते का? उलट्या होतात का? मोबाइल चालतो का? आणि आपला नेहमीचा प्रश्न, जेवण हलाल असते का? हे सारे प्रश्न रास्त आहेत. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते. मधल्या भागातल्या खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते, इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात. जेवणाबाबत तोंडी आश्वासनावर जाऊ नये, आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारावे. आपले जैन व्यापारी बंधू आपल्या जेवणाची चौकशी आधीच करतात आणि सोय करून घेतात. आपण मात्र जहाजावर चढल्यावर संकोचत बसतो.

पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नाही, आणि व्यापाऱ्याने तोच पहिला विचारायला हवा. तिकिटाचे पैसे कोण भरतो?

स्वतःच्या कमाईने कोणी बायको-मुलांना समुद्र दाखवत असेल तर त्यात वावगे काही नाही. माझा आक्षेप आहे तो 'स्कीम'च्या जहाजाला. कापड असो, रंग असो, सिमेंट असो की कीटकनाशके, कंपन्या दुकानदाराला सांगतात की एवढ्याचा माल उचला आणि दोघांची सहल फुकट घ्या. पूर्वी बँकॉक-दुबई दाखवत, आता जहाज दाखवतात. आणि आपण मार्च जवळ आला की टारगेट पुरे करण्यासाठी नको तो माल उधारीवर भरतो.

साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका दुकानदाराची वर्षाची खरेदी १४ लाखांची आहे आणि टारगेट २० लाखांचे. त्याने ६ लाखांचा जादा माल उचलला. त्यातला निम्मा खपला, ३ लाखांचा पडून राहिला. हेच ३ लाख चालत्या मालात फिरले असते तर १० टक्क्यांनी ३० हजार मिळाले असते, ते गेले. वर्षभराने फॅशन बदलली, २० टक्के घट खाऊन माल काढावा लागला. म्हणजे आणखी ६० हजार. एकूण ९० हजार गेले आणि हाती आले ७० हजारांचे तिकीट! याला फुकट म्हणायचे का?

शिवाय कर आहेच. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात १९४-आर हे कलम आले. त्यानुसार एका वर्षात २० हजार रुपयांहून जास्त किमतीचा असा लाभ दिला तर कंपनीने १० टक्के कर कापावा लागतो. टारगेट पुरे केल्याबद्दल दिलेली सहल यात येते, हे आयकर खात्याने त्याच वर्षी परिपत्रक काढून स्पष्ट केले. वरच्या उदाहरणात हा कर ७ हजार होतो. आणि ही फक्त कपात. सहलीची किंमत धंद्याच्या उत्पन्नातच धरली जाते. पुष्कळ दुकानदारांना हे विवरणपत्र भरताना कळते.

काही बंधू म्हणतील, अशा सहलीत गावोगावचे व्यापारी भेटतात, ओळखी वाढतात, कंपनीत वजन पडते. खरे आहे. पण कंपनीत खरे वजन पडते ते वेळेवर पैसे चुकवणाऱ्याचे. सहलीहून आल्यावर हप्ता थकला तर डेकवर काढलेला फोटो कामी येत नाही.

आपल्या घरांतून जहाजाची आठवण निघते ती हजच्या जहाजांची. मोगल लाइनची 'अकबरी', 'मोहम्मदी', 'नूरजहाँ' ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. मुंबईहून जिद्द्याला जाणारी ही वाहतूक १९९५ पासून बंद झाली. त्या काळीही हाजीसाहेबांना लोक हेच विचारत, सामान किती न्यावे, जहाज लागते का, जेवणाचे काय. पण निघणारा माणूस त्याआधी घरोघर, दुकानोदुकानी जाऊन देणे चुकवी, कहा-सुना माफ करून घेई. ते सफर इबादतीचे होते, हे करमणुकीचे आहे, दोघांची बरोबरी नाही. मात्र एवढा फरक डोळ्यांत भरतो की ते लोक देणे फेडून जहाजावर चढत आणि आपण देणे वाढवून चढतो.

तेव्हा स्कीमचा कागद हाती आला की तीन गोष्टी विचाराव्यात. जादा माल खपला नाही तर परत घेणार का? सहलीवरचा कर कोण भरणार? आणि तिकिटाऐवजी तेवढीच सूट बिलात मिळेल का? बिलातली सूट गल्ल्यात राहते. एकट्या दुकानदाराला कंपनी दाद देत नाही, पण अमरावती-अकोल्याच्या कापड व्यापाऱ्यांनी आपल्या संघटनेच्या बैठकीत हा विषय घेऊन एकमुखाने सुटीऐवजी सूट मागितली तर तिला ऐकावे लागेल. नव्या वर्षाच्या स्कीमा लागण्यापूर्वी हे व्हावे. त्यानंतर ज्याला समुद्र पाहायचा असेल त्याने खुशाल जावे, स्वतःच्या नफ्यातून आणि खाते साफ करून.